रात्रीचा सराव आणि फज्रपर्यंतची झोप

उन्हाळा लागला की एक तक्रार घराघरांतून ऐकू येते आणि ती बहुतेक वेळा अम्मीची असते. मुलगा इशाची नमाज झाली की बॅट उचलून मैदानावर जातो. साडेअकरा-बारा वाजता घामाघूम होऊन परततो, जेवतो, अंथरुणावर पडतो आणि दीड-दोनपर्यंत कूस बदलत राहतो. फज्रला हाक मारली की हूं नाही की चूं नाही. अब्बांचे म्हणणे वेगळे. ते म्हणतात, पोरगा नाक्यावर उभा राहत नाही, गुटख्या-सिगारेटच्या नादी लागलेला नाही. खेळतो आहे तर खेळू द्या.

दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच घरातला हा वाद मिटत नाही. या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे. रात्री उशिरा केलेल्या व्यायामाने झोप खरोखरच बिघडते का? बिघडत असेल तर कोणाची आणि किती? आणि ज्याला खेळात किंवा भरतीत काही करून दाखवायचे आहे, त्याने सरावाची वेळ कशी ठरवावी?

नंदुरबारचे घड्याळ

आधी आपल्या जिल्ह्याचा हिशेब पाहू. आपले घड्याळ ज्या रेखावृत्तावर चालते ते अलाहाबादजवळून जाते. नंदुरबार त्याच्या बरेच पश्चिमेला, गुजरातच्या सीमेला लागून आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला बारा नव्हे तर साधारण साडेबारा वाजतात. मे-जूनमध्ये मगरिब सातनंतर होते आणि इशाची जमाअत होता होता नऊ वाजतात. उलट फज्रची वेळ साडेचारच्या सुमारास सुरू होते. म्हणजे इशा आणि फज्र यांच्यात जेमतेम साडेसात-आठ तास उरतात. हिवाळ्यात हीच रात्र चांगली लांब असते, पण उन्हाळ्यात तिला कात्री लागते.

त्यात आपले ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. असरच्या वेळीही मैदान तव्यासारखे तापलेले असते. गॅरेजवर, दुकानात किंवा हंगामात मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या मुलाला दिवसा सवड नसते, ती वेगळीच अडचण. मग उरते ती रात्र. आता गावोगावी दिव्यांच्या उजेडात टेनिस बॉलचे सामने होतात, शहरात जाळी लावलेले टर्फ तासाच्या भाड्याने मिळते. मुले रात्री खेळतात ती हौसेने, आणि बऱ्याच अंशी नाइलाजानेही. हे लक्षात न घेता नुसते "रात्री खेळू नकोस" म्हणणे सोपे आहे, पण त्याचा उपयोग होत नाही.

शरीरात काय घडते

झोप ही दिव्याचे बटण दाबल्यासारखी येत नाही. संध्याकाळ सरली की शरीर हळूहळू तिची तयारी करते. आतले तापमान थोडे उतरू लागते, हृदयाचे ठोके मंदावतात, अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन नावाचे संप्रेरक पाझरू लागते आणि डोळे जड होतात.

जोरदार खेळ हे सारे उलट दिशेला नेतो. शरीर तापते, ठोके वाढतात, ॲड्रिनलिन उसळते. मैदानावरचे पांढरे झगझगीत दिवे मेंदूला सांगतात की दिवस अजून सरलेला नाही. सामना अटीतटीचा असेल तर शेवटच्या षटकातला झेल डोळ्यांसमोरून जात नाही. खेळ थांबला म्हणून शरीर लगेच थांबत नाही, त्याला निवायला वेळ लागतो. फिनलंडमधील एका प्रयोगात तरुणांनी रात्री उशिरा जोरदार व्यायाम केला. त्यांना झोप ठीक लागली, पण झोपेच्या पहिल्या तीन तासांत त्यांच्या हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा जास्त होते. माणूस झोपला होता, पण त्याचे हृदय अजून कामावरून घरी परतायचे होते.

अभ्यासक काय सांगतात

कित्येक वर्षे डॉक्टर सरसकट सांगत आले की रात्री व्यायाम करू नये. पुढे प्रत्यक्ष मोजमापे झाली तेव्हा चित्र इतके सरळ नाही असे दिसले.

१९९९ साली अमेरिकेत १६ तंदुरुस्त सायकलपटूंवर एक प्रयोग झाला. त्यांना रात्री तीन तास सायकल चालवायला लावली आणि त्यानंतर अर्ध्या तासात झोपायला सांगितले. त्यांची झोप बिघडली नाही. मात्र ते सारे कसलेले खेळाडू होते आणि ती स्पर्धाही नव्हती, हे विसरू नये.

२०१९ साली झुरिकच्या संशोधकांनी अशा २३ अभ्यासांचा एकत्र विचार केला. संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडत नाही, उलट गाढ झोपेचा वाटा किंचित वाढतो, असे त्यांना आढळले. अपवाद एकच. जोरदार व्यायाम झोपण्याच्या तासाभर आधीपर्यंत चालला तर झोप लागायला उशीर होतो आणि एकूण झोप घटते.

मग २०२५ साली ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाचा फार मोठा अभ्यास आला. मनगटावर बांधायच्या यंत्रातून सुमारे १५ हजार लोकांच्या ४० लाख रात्रींची नोंद त्यांनी तपासली. व्यायाम झोपेच्या चार तास किंवा त्याहून आधी संपला असेल तर झोपेवर काही परिणाम दिसला नाही. त्यानंतर व्यायाम जितका उशिरा आणि जितका दमछाक करणारा, तितकी झोप मागे सरकली व कमी झाली. अतिशय जोराचा व्यायाम झोपेच्या दोन तास आधी संपला तर झोप लागायला नेहमीपेक्षा सुमारे ३६ मिनिटे उशीर झाला आणि एकूण झोप सुमारे २२ मिनिटांनी घटली.

एक अभ्यास तासाभराची मर्यादा सांगतो, दुसरा चार तासांची. यात विसंगती वाटेल, पण दोन्हींचे सार एकच आहे. चालणे, हलकी धाव किंवा अंग मोकळे करणे रात्रीही चालते. जीव तोडून खेळलेला सामना आणि झोप यांच्यात मात्र चांगले अंतर हवे. किती अंतर हवे हे खेळाच्या जोरावर अवलंबून आहे. माणसामाणसांतही फरक असतो. एका भावाला बाराला खेळून आल्यावर साडेबाराला घोरता येते, दुसरा दोनपर्यंत छताकडे पाहत राहतो.

झोप सकाळच्या टोकाला तुटते

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू, कारण तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आयपीएलचा सामना संध्याकाळी साडेसातला सुरू होतो आणि संपायला अकरा-सव्वाअकरा होतात. ते खेळाडू पहाटे कधी झोपत असतील, मग आमच्या मुलानेच काय बिघडवले, असा प्रश्न मुले विचारतात. उत्तर सोपे आहे. त्या खेळाडूला दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपता येते, त्याचे कामच ते आहे. आपल्या मुलाला फज्रला उठायचे असते, सातला क्लास असतो, नऊला दुकान उघडायचे असते. झोपेचे रात्रीचे टोक पुढे सरकते, पण सकाळचे टोक जागच्या जागी राहते. जे कापले जाते ते मधले.

पहाटेच्या सरावाचेही तेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या अव्वल जलतरणपटूंची पाहणी झाली तेव्हा असे दिसले की सकाळी सहाचा सराव असलेल्या रात्री ते सरासरी ५.४ तास झोपत, तर सुट्टीच्या आदल्या रात्री ७.१ तास. म्हणजे "रात्री खेळू नको, पहाटे चारला उठून धाव" हा उपायही रात्री लवकर झोपल्याशिवाय निरुपयोगी आहे.

झोप कमी झाली तर बिघडते काय? गाढ झोपेत शरीर दिवसभराची झीज भरून काढते, स्नायू सांधते. वाढीला लागणारे संप्रेरक याच वेळी मोठ्या प्रमाणात स्रवते. लॉस एंजेलिसमधील ११२ शाळकरी खेळाडूंच्या अभ्यासात रोज आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. उलट बाजूने पाहायचे तर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉलपटूंनी पाच ते सात आठवडे रात्री दहा तास अंथरुणात घालवण्याचा नियम पाळला. त्यांची धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आली आणि बास्केटमधील नेमही सुमारे ९ टक्क्यांनी सुधारला. त्यासाठी कोणतीही पावडर नाही, महागडा खुराक नाही, फक्त झोप.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

आपल्या जिल्ह्यात खेळाचा सर्वांत मोठा वापर पदकासाठी होत नाही, नोकरीसाठी होतो. सातपुड्याच्या डोंगरातून किसन तडवीसारखा लांब पल्ल्याचा धावपटू पुढे आला, नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले. या भागातील मुलांच्या पायांत दम आहे यात शंका नाही. पण शंभरातली नव्वद मुले धावतात ती पोलीस भरतीसाठी. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर धाव आणि गोळाफेक. काही सेकंदांनी गुण जातात आणि एका-दोन गुणांनी यादीतले नाव. अशा घरात धावपट्टीवरच्या त्या काही मिनिटांवर साऱ्या कुटुंबाची नजर लागलेली असते.

आता ही चाचणी बहुधा भल्या पहाटे सुरू होते, उमेदवार अंधारातच मैदानावर हजर असतात. आमची सूचना अशी की सराव रात्रीचा असेल तर चाचणीआधी निदान तीन-चार आठवडे तो सकाळकडे वळवावा. माणसाचे बळ आणि वेग साधारणपणे दुपार कलल्यावर सर्वांत चांगले असतात, कारण तेव्हा शरीराचे तापमान दिवसातील वरच्या पातळीवर असते. सकाळी अंग आखडलेले असते. पण ज्या वेळी रोज सराव करावा त्या वेळेला शरीर हळूहळू जुळवून घेते. रात्री दहाला घेतलेली उत्तम वेळ पहाटे सहाला मिळेलच असे नाही. रात्री दहाला पळायची सवय लागलेला मुलगा अर्धवट झोपेत मैदानावर उभा राहिला तर वर्षाची मेहनत त्या एका सकाळी वाया जाऊ शकते.

रमजानच्या रात्री

रमजानमध्ये तर दिवस आणि रात्र यांची अदलाबदल होते. तरावीहनंतर गल्लीत क्रिकेट सुरू होते आणि ते कधी कधी सेहरीपर्यंत चालते. रमजानमध्ये झोप सरासरी पाऊण तासाच्या आसपास घटते असे विविध देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. त्यात रात्रीचे सामने मिळवले तर दिवसाचा रोजा झोपेतच जातो आणि इबादतीचा आनंद थकव्यात बुडतो. इशानंतर निष्कारण जागत बसणे हजरत मुहम्मद (स.) यांना पसंत नव्हते, हे आपण सारे जाणतो.

ज्याला सराव चालू ठेवणे भागच आहे, त्याने इफ्तारपूर्वी अर्धा-पाऊण तास हलका व्यायाम करावा आणि जोराचा सराव इफ्तारनंतर, पाणी पिऊन, तरावीहच्या आधी किंवा लगेच नंतर उरकावा. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये रोजा ठेवून उन्हात दमछाक करू नये. पाणी कमी पडले तर त्याचे परिणाम झोपेच्या बिघाडापेक्षा फार गंभीर असतात.

फज्रनंतरची झोप आणि कैलूला

फज्रसाठी उठल्याने झोप तुटते, मग ती पूर्ण कशी होणार, असा प्रश्न काहीजण विचारतात. सौदी अरेबियात २०१२ मध्ये एक छोटा पण आपल्या कामाचा अभ्यास झाला. फज्रला उठून नमाजनंतर पुन्हा झोपणारे आणि सलग झोपणारे यांची तुलना केली तेव्हा एकूण झोप सारखी असेल तर झोपेच्या प्रतीत किंवा दिवसाच्या सुस्तीत विशेष फरक आढळला नाही. म्हणजे फज्रने झोप बिघडत नाही. ती बिघडते फज्रच्या आधीच्या जागरणाने.

दुसरा आधार दुपारच्या वामकुक्षीचा, म्हणजेच कैलूलाचा. ज्याला रात्री पुरेशी झोप मिळत नाही अशा खेळाडूने जोहरच्या सुमारास वीस-तीस मिनिटे पडावे. इतक्या छोट्या झोपेनेही त्याच दिवशीची धाव सुधारते असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र चार-पाच वाजता दोन तास झोपले तर रात्रीची झोप आणखी पुढे जाईल.

मुलींचा प्रश्न

आमच्या घरांतील अनेक मुलींना संध्याकाळी मैदानावर जाण्याची सोय नसते. घरकाम, अभ्यास, भावंडे यांतून मोकळे व्हायला रात्रीचे दहा वाजतात आणि मग त्या खोलीत किंवा गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारतात. त्यांना आम्ही सांगू की इतक्या उशिरा उड्यांऐवजी अंग ताणण्याचे व्यायाम करा, चाला. जोराचा व्यायाम असरनंतर किंवा सकाळी ठेवा. आणि घरातल्या मोठ्यांना सांगू की असर ते मगरिब हा एक तास मुलीला मोकळा द्या. तेवढ्या वेळात भाऊ चहा करून घेऊ शकतो. भरतीच्या मैदानावर मुलीचीही तीच घड्याळे आणि तेच गुण असतात.

घरात काय करावे

हिशेब सकाळपासून उलटा मांडावा. प्रौढाला निदान सात तास झोप लागते, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास. पाचला उठायचे असेल तर प्रौढाला दहाला झोप लागायला हवी. उन्हाळ्यात मुलांचा हिशेब एवढ्याने जुळत नाही. तेथे फज्रनंतरची थोडी झोप आणि कैलूला मिळवूनच तास भरावे लागतात.

जोराचा सराव शक्यतो मगरिबपूर्वी संपवावा. ते जमत नसेल तर मगरिब आणि इशा यांच्या मधल्या वेळात. उन्हाळ्यात मगरिबनंतर हवा जरा निवते, त्या पाऊण तासात नेमका सराव होऊ शकतो. इशानंतर खेळायचेच असेल तर दहापर्यंत थांबावे आणि शेवटची पंधरा मिनिटे नुसते चालावे. उशिरापर्यंतचा सामना आठवड्यातून एखादाच, तोही दुसऱ्या दिवशी सकाळी सवड असेल तेव्हा.

खेळ संपल्यावर चहा नको. सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅफिन झोपेच्या सहा तास आधी घेतले तरी झोप तासाभराने कमी होते, असे एका प्रयोगात आढळले आहे. एका कपात एवढे कॅफिन नसते हे खरे, पण मैदानाबाहेरच्या टपरीवर एक कप क्वचितच थांबतो. कोल्ड्रिंक आणि शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांतही तेच असते.

खेळून आल्यावर कोमट किंवा साध्या पाण्याने अंघोळ करावी. बिर्याणी किंवा तळलेले चापून खाऊ नये. खिचडी, दूध, केळे, भाकरी-भाजी अशा हलक्या अन्नाने पोट शांत राहते. मोठे जेवण सरावाच्या आधी किंवा दुपारी घ्यावे. अंथरुणात मोबाइलवर सामन्याचे व्हिडिओ पाहिले की सामना पुन्हा सुरू होतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर निम्मे काम होते.

आणि एक साधी नोंद ठेवावी. दोन आठवडे एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा: सराव किती वाजता संपला, झोप साधारण किती वाजता लागली, सकाळी अंग कसे होते. कोणाला किती अंतर लागते हे त्या वहीतून कळेल आणि अम्मी-अब्बांच्या वादाचा निकालही त्यातच लागेल. दोन-तीन आठवडे असे करूनही झोप येत नसेल, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा खेळताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

एक विनंती सामने भरवणाऱ्या मंडळांना आणि मोहल्ल्यातील जाणत्या मंडळींना. स्पर्धा रात्री अकरानंतर सुरू ठेवू नये असा नियम आपण स्वतःच केला तर शेकडो मुलांची झोप वाचेल आणि शेजारच्या आजारी म्हाताऱ्यांचीही. शाळा-कॉलेजची मैदाने असर ते मगरिब सर्व मुलांसाठी खुली राहावीत, यासाठी पालकांनी मिळून संस्थाचालकांना भेटावे. मुलाने खेळावे असे ज्याला वाटते, त्याने त्याला योग्य वेळी खेळायला जागाही मिळवून दिली पाहिजे.